शेवटचे सहाशे

घोड नदीच्या दोन्ही काठांना वेळेचा हिशोब तसा सैल. 'आलोच' म्हणजे जेवण उरकून येतो, 'निघालोय' म्हणजे अजून टॉवेल खांद्यावर आहे, आणि पत्रिकेवर दुपारी १२ वाजून ३५ मिनिटांचा मुहूर्त छापलेला असेल तर त्या घटकेला नवरदेव मारुतीच्या देवळापुढे घोड्यावर बसून मित्रांचा नाच बघत असतो. हीच माणसं यात्रेच्या दिवशी सेकंदाच्या शंभराव्या भागावरून एकमेकांच्या गचांड्या धरतात. गाडा ११.९८ ला आला की १२.०४ ला, यावरून भावकीत पडलेला अबोला मी पाहिला आहे, आणि तो बांधाच्या भांडणापेक्षा जास्त टिकला. शेजारच्या जुन्नर तालुक्यात खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे. तिथले शास्त्रज्ञ पल्सार ताऱ्यांचे ठोके मोजतात. या मुलखात इतकं बारीक मोजणारे आपणच, असं त्यांना वाटत असणार. त्यांनी चैत्रात एकदा घाटात येऊन जावं.

घाट म्हणजे आमच्याकडे चढाची सरळ धावपट्टी. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या पट्ट्यातली बैलगाडा शर्यत घड्याळाशी असते. एका वेळी एकच गाडा सुटतो, ती त्याची बारी. चार बैल, पुढची जोडी जुकाटाला, मागची धुरेला. गाड्यावर गाडीवान नाही. बैलांच्या पुढे एक घोडी पळते आणि तिच्यावर स्वार असतो. बैलांनी घोडीच्या मागे धावायचं, घोडीने बैलांच्या हाती लागायचं नाही आणि फार लांबही जायचं नाही. खाली झेंडा पडला, निवेदकाने 'भिर्रर्र' म्हणून आरोळी ठोकली, की वर निशाणापर्यंत सगळा मिळून अकरा-बारा सेकंदांचा मामला. एवढ्यासाठी वर्षभर बैलाला दूध, अंडी, पेंड, उडदाची डाळ. आमच्या तात्यांच्या घरात दूध आधी गोठ्यात जातं, मग उरलं तर चहात. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. त्यांना डॉक्टरांनी अंडी बंद केली तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला होता : 'मला का बैलाला?'

ठरवून दिलेल्या सेकंदाच्या आत येतील ते सगळे गाडे पहिल्या नंबरात, त्याच्या पुढच्या सेकंदातले दुसऱ्या नंबरात, बक्षीस त्या-त्या नंबरातल्यांनी वाटून घ्यायचं, आणि सगळ्यांत कमी वेळ ज्याचा तो घाटाचा राजा. कागदावर प्रत्येक गाड्यापुढे आकडा एकच. गाडा खाली सुसाट सुटून वर मेला, की खाली रेंगाळून निशाणाजवळ उसळला, याचा त्या कागदावर पत्ता नाही. तात्यांना त्याची गरज कधी भासली नाही. मामांना भासली.

मामा माझ्या आईचे धाकटे भाऊ. आजोळ ओतूरचं, पण मामांची सगळी नोकरी पुण्यात कॅम्पात झाली आणि रेसकोर्स चालत जाण्याच्या अंतरावर निघालं. रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब थंडीत मुंबईला महालक्ष्मीवर शर्यती घेतो आणि जुलै ते ऑक्टोबर पुण्यात. महालक्ष्मीचं मैदान १८८३ चं आणि क्लबाच्या नावामागे 'रॉयल' लागलं १९३५ मध्ये, हे मामा घरच्या सत्यनारायणाला आलेल्या माणसालाही सांगतात. पैसे लावतात, पण हात आखडून. त्यांचा खरा नाद कागदाचा. घोड्याने पळावं, जॉकीने जिंकावं, मालकाने कप उचलावा. मामांची रेस सोमवारी सकाळी सुरू होते, लाँगसाइज वही, टोक काढलेली पेन्सिल आणि चष्मा घेऊन.

आठवड्याच्या मधल्या वारी पेपरात सकाळच्या सरावाची टिपणं येतात. ८००/५२, ६००/३८. म्हणजे ८०० मीटर ५२ सेकंदांत आणि त्यातले शेवटचे ६०० मीटर ३८ सेकंदांत. पुढे शेरा : सहज पळाला. जोर लावला. अंगात आहे. मन प्रसन्न केलं. या शेवटच्या शेऱ्यावर मामींचा कायमचा आक्षेप आहे. पहाटे साडेपाचला अंधारात दुर्बीण लावून उभ्या असलेल्या कुठल्या गृहस्थाचं मन प्रसन्न झालं आणि त्याच्या प्रसन्नतेवर आपण आपले पैसे का लावायचे, असं त्या विचारतात. मामा म्हणतात, त्या शेऱ्याकडे बघायचंच नाही, आकड्याकडे बघायचं. आणि आकड्यांतही एकच आकडा : शेवटचे सहाशे.

ज्याला रेसचा नाद लागतो त्याला आधी मागून येणाऱ्या घोड्याचा नाद लागतो. हे कुणालाही चुकत नाही. पुढे पळणारा घोडा बघण्यात गंमत नसते, तो पुढे असतो एवढंच. मागून आठव्या-नवव्या जागेवरून एखादा घोडा बाहेरून निघतो, एकेकाला गाठत येतो, स्टँड उठून उभं राहतं, शेजारचा अनोळखी पारशी आपल्या खांद्यावर थापा मारतो, आणि घोडा अर्ध्या लेंथने हरला तरी घरी जाताना सगळ्यांच्या तोंडी त्याचंच नाव. 'काय सुटला शेवटी! अजून शंभर मीटर असते तर!' पुढच्या वेळी त्याच घोड्यावर पैशांचा पाऊस पडतो, आणि तो पुन्हा मागून येऊन पुन्हा चौथा होतो. मामांनी आयुष्यात जे संशोधन केलं ते या 'काय सुटला' विषयी आहे.

त्यांची रीत अशी. अमेरिकेत 'डेली रेसिंग फॉर्म' नावाचं वर्तमानपत्र १८९४ पासून शर्यतीचा तक्ता छापत आलं आहे. एक माणूस दुर्बिणीतून बघत ठरलेल्या प्रत्येक खांबाशी घोड्यांची नावं आणि अंतरं बोलत जातो, दुसरा लिहून घेतो. त्यामुळे कुठला घोडा कुठल्या टप्प्यावर कितवा होता आणि किती लेंथ मागे होता, हे घरी बसून वाचता येतं. मामांकडे असा पगारी माणूस नाही. ते मोबाइलवर शर्यतीचं चित्रण लावतात, ६०० मीटरच्या खांबाशी चित्र थांबवतात आणि आगपेटीच्या काडीने पडद्यावर अंतर मोजतात. काडी एका घोड्याएवढी तोडलेली असते. चित्र लहान-मोठं झालं की काडी बदलते. त्यांच्या चष्म्याच्या डबीत वेगवेगळ्या मापांच्या काड्या आहेत. मामींनी एकदा त्यातल्याच एका काडीने निरांजन लावलं आणि घरात दोन दिवस जेवणाशिवाय कुठल्याही विषयावर बोलणं झालं नाही.

एक लेंथ म्हणजे घोड्याची लांबी, साधारण आठ फूट. हिरवळीवर घोडा एका सेकंदाला साधारण सहा लेंथ जातो असं मामा धरतात. आता गणित. खरे घोडे घेतले तर वाद होईल, म्हणून आपण गावचे घेऊ. १६०० मीटरची शर्यत. सरपंच नावाचा घोडा पहिल्यापासून उधळला आणि १००० मीटर ५८.५ सेकंदांत पार करून गेला. ग्रामसेवक नावाचा घोडा तेव्हा दहा लेंथ मागे होता, म्हणजे जवळजवळ पावणेदोन सेकंद. शेवटच्या सहाशेत ग्रामसेवक बाहेरून आला, सरपंचाला गाठलं, तीन लेंथने हरवलं आणि ९६ सेकंदांत शर्यत मारली. मैदानात टोप्या उडाल्या. मामांनी वहीत मांडलं : ग्रामसेवकाचे शेवटचे ६०० मीटर ३५.८३ सेकंदांत. आणि त्याच्या सगळ्या शर्यतीची सरासरी काढली तर दर ६०० मीटरला ३६ सेकंद. फरक सेकंदाच्या सहाव्या हिश्शाचा. गेटमधून सुटताना जो वेळ जातो तो वजा केला तर तेवढाही नाही, उलट शेवटी तो थोडा मंदावलाच होता. म्हणजे ग्रामसेवक 'सुटला' वगैरे काही नाही. तो पहिल्यापासून ज्या चालीने चालला होता त्याच चालीने शेवटपर्यंत चालला. सरपंच मात्र ६०० मीटरला ३५.१ च्या चालीवरून ३८ वर घसरला. स्टँडवरच्या हजारो माणसांनी एका घोड्याचं दमणं बघितलं आणि टाळ्या दुसऱ्याला दिल्या.

पुणे-नाशिक रस्त्यावर हे रोज घडतं. नारायणगावहून एक एसटी हॉर्न वाजवत, सगळ्यांना कट मारत निघते आणि चाकणच्या चौकात अडकून पडते. मागची पन्नासच्या काट्यावर रमतगमत येऊन तिच्याच पाठीमागे उभी राहते. मागच्या एसटीतले प्रवासी एकमेकांना सांगतात, ड्रायव्हरने काय मारली हो गाडी, पुढची धरली!

आता दुसरी शर्यत. तीच १६०० मीटर. तलाठी पुढे, पण त्याच्या जॉकीने लगाम धरून ठेवलेला. १००० मीटरला तब्बल ६२ सेकंद. मग सगळे एकदम निघाले, तलाठ्याने शेवटचे सहाशे ३६ मध्ये काढले आणि ९८ सेकंदांत जिंकला. कोतवाल नावाचा घोडा सहाशेच्या खांबाशी सहा लेंथ मागे होता, शेवटी दीड लेंथ मागे, तिसरा आला. कुणाचं लक्ष नाही. निवेदकानेही त्याचं नाव एकदाच घेतलं, तेही चुकीचं. मामा काडी लावतात, पेन्सिल चालवतात : कोतवालाचे शेवटचे सहाशे ३५.२५ सेकंदांत. जिंकलेल्या ग्रामसेवकापेक्षा अर्ध्या सेकंदाहून जास्त वेगाने, आणि स्वतःच्या सरासरीपेक्षा दीड सेकंदाहून जास्त. हा खरा सुटला होता. पण पुढचेही दमलेले नव्हते, त्यामुळे तो सुटलेला दिसला नाही. हिरवळीवरच्या शर्यतींत असं फार होतं. सगळे सुरुवातीला एकमेकांकडे बघत चालतात आणि भांडण शेवटच्या वळणानंतर काढतात. मामा कोतवालाच्या नावाभोवती लाल पेन्सिलीने गोल काढतात आणि पुढच्या महिन्याची वाट बघत बसतात.

एवढ्यावर शास्त्र संपत नाही. वळणावर कठड्यापासून एक मीटर बाहेरून पळालं तर अर्ध्या वर्तुळात तीन मीटरहून जास्त पळावं लागतं, हे सातवीच्या भूमितीतलं आहे, पण ते मामांना पन्नाशीनंतर पटलं. मग बाहेरून आलेल्या प्रत्येक घोड्याच्या खात्यात ते एखादी लेंथ जमा करतात. पुण्याचा हंगाम पावसाळ्यातला. पेनिट्रोमीटर नावाच्या यंत्राने जमीन किती मऊ झाली ते मोजून आकडा जाहीर करतात, तोही वहीत. चिखलात कुणाचेच शेवटचे सहाशे ३५ मध्ये होत नाहीत. तिथे ३९ वाला शूर ठरतो. वजन, अंतर, जॉकी, सगळं वजा-जमा करून शेवटी जो आकडा उरतो त्याखाली मामा दोन रेघा ओढतात. त्या रेघांखाली मामींच्या अक्षरात कधीकधी 'दूध १, कोथिंबीर' असं असतं.

या विद्येचा आद्य हुतात्मा म्हणून मामा डान्सिंग ब्रेव्हचं नाव घेतात. १९८६ ची एप्समची डर्बी. इंग्लंडमधला त्या वर्षीचा सर्वांत वेगवान घोडा, आणि जॉकी ग्रेव्हिल स्टार्की त्याला इतका मागे ठेवून बसला की सरळ रस्त्याला लागल्यावर पुढे जवळजवळ सगळी शर्यतच होती. घोडा वाऱ्यासारखा आला आणि शाहरस्तानीच्या मागे अर्ध्या लेंथने राहिला. त्याच वर्षी ऑक्टोबरात पॅरिसला, पॅट एडरी वर बसलेला असताना, त्याच घोड्याने आर्क द ट्रायम्फ मागून येऊनच जिंकली. मामा हे सांगताना डर्बीपाशी आवाज जड करतात आणि पॅरिसपाशी चहा मागवतात. शेवटचा जोर हा गल्ल्यातला पैसा आहे, तो कधी काढायचा हे जॉकीला कळलं पाहिजे, असं त्यांचं मत. यावर मामींचं मत गल्ल्याबद्दल असतं, घोड्याबद्दल नसतं. मामा त्यांना १९९६ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सांगतात : घोड्यांची शर्यत हा नशिबाचा नाही, कौशल्याचा खेळ आहे. मामी म्हणतात, 'मग एकदा कौशल्य दाखवा ना.'

असे हे मामा आमच्या गावच्या यात्रेला आले. बंदी उठून शर्यती पुन्हा सुरू झाल्या होत्या. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने बंद केलं, १६ डिसेंबर २०२१ ला त्याच न्यायालयाने अटी घालून परवानगी दिली, आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या पीठाने महाराष्ट्राचा कायदा कायम ठेवला. या तारखा तात्यांना तोंडपाठ आहेत. नातवंडांचे वाढदिवस विचारू नयेत. मधल्या वर्षांत गोठ्यातला खोंड न पळताच म्हातारा झाला होता आणि तात्या त्याच्याकडे बघून नुसते उसासे टाकत. थापलिंगच्या खंडोबाला पौष पौर्णिमेला गाडे पळवायचे नवस लोकांनी बोलून ठेवले होते, ते तुंबले होते. देवाकडेही थकबाकी असते, हे आम्हाला त्या काळात कळलं.

मामा घाटावर आले ते मोबाइलमधलं स्टॉपवॉच घेऊनच. त्यांनी आधी घाटाच्या बरोबर मध्यावर चुन्याची रेघ मारायची परवानगी मागितली. कमिटीतल्या पोरांना वाटलं हे कलेक्टर ऑफिसचे, अटी तपासायला आलेत. त्यांनी खुर्ची दिली, लस्सी दिली आणि आमच्या घाटात काठी, चाबूक, टोचणी काही वापरत नाही असं न विचारता सांगितलं. रेघ मात्र मारू दिली नाही. मग मामांनी मध्यावरच्या एका बाभळीची खूण धरली. खालची निम्मी बारी किती सेकंदांत, वरची किती, हे टिपायला सुरुवात केली. पण झेंडा पडताना माणसाचं बोट पाव सेकंद मागेपुढे होतं, बाभळीशी पुन्हा पाव सेकंद, आणि मध्ये निवेदक 'अरारारा' करून दचकवतो ते वेगळं. साडेपाच सेकंदांच्या टप्प्यात अर्ध्या सेकंदाची चूक म्हणजे घाटाचा राजा आणि घाटाबाहेरचा रंक यांतला फरक. मामांच्या वहीत एका गाड्याने वरचा निम्मा चढ खालच्या निम्म्यापेक्षा इतक्या कमी वेळात काढलेला निघाला की तो गाडा उडाला असावा.

तात्या शेजारी उकिडवे बसले होते, तोंडात सुपारी. हातात घड्याळ नाही. म्हणाले, 'पाव्हणं, येळ वरची माणसं घेत्यात. तुमी घोडीचं शेपूट बघा.'

'शेपूट?'

'घोडीचं शेपूट आन् जुकाटाच्या बैलाचं नाक. मधी जागा किती, एवढंच बघायचं. खालून वरपतोर.'

मामा थक्क झाले. हा तर त्यांचाच तक्ता. आगपेटीची काडी न तोडता, वर्षानुवर्षं डोळ्याने मांडलेला. तेवढ्यात एक बारी सुटली. खाली घोडी आणि बैलांमध्ये चांगलं अंतर होतं, बाभळीपासून ते मिटायला लागलं, निशाणाशी बैलाचं नाक घोडीच्या शेपटाला टेकलं. कडेची गर्दी खुळी झाली, भंडारा उधळला, गाडामालकाला कुणीतरी खांद्यावर घेतलं. मामा ओरडले, 'काय क्लोज केलंय! तात्या, शेवटचा जोर बघितलात?'

तात्यांनी सुपारी दुसऱ्या गालात घेतली. 'बैल न्हाई वाढला. घोडी मेली.'

पाटीवर आकडा लागला : १२.७. गाडामालक खांद्यावरून खाली उतरला.

त्यानंतरच्या एका बारीला खालपासून वरपर्यंत अंतर तेवढंच राहिलं. दिसायला काहीच घडलं नाही. घोडी पुढे, बैल मागे, दोघंही गेले. गर्दी लस्सी पीत होती. तात्या उठून उभे राहिले, धोतर झटकलं आणि 'ही बारी' एवढंच म्हणाले. ११.६. मामांनी वही मिटून पिशवीत टाकली. रात्री तमाशाला जायचं होतं, पण मामा ओट्यावर बसून तात्यांना घोडीविषयीच विचारत राहिले. तिला किती पुढे ठेवायचं, ती बैलांना कशी खेळवते, नवी घोडी धरली तर बैल तिच्यामागे धावतात का, सगळं. शेवटी एक प्रश्न त्यांनी जरा जपून विचारला : पोस्टरवर बैलाचा एवढा मोठा फोटो, मालकाचा त्याहून मोठा, ज्यांनी बैलाला कधी चारा घातला नाही अशा पुढाऱ्यांचे सगळ्यांत मोठे, मग घोडीचा का नाही? तात्या म्हणाले, जागा उरत न्हाई.

परतफेड म्हणून त्या पावसाळ्यात मामांनी तात्यांना रेसकोर्सवर नेलं. मी सोबत होतो. पांढरी टोपी, कडक इस्त्रीचं धोतर, वर जाकीट. फाटकावर कुणीतरी 'मालक' समजून सलाम ठोकला आणि तात्यांनी तो घेतला. घोडे फिरवून दाखवतात त्या रिंगणाशी आम्ही उभे राहिलो. तात्या दर सोमवारी बेल्ह्याच्या बाजारात जनावरं बघणारा माणूस. पाय, खूर, छाती, पुठ्ठा, सगळं त्यांनी लांबूनच तपासलं आणि मग मामांना विचारलं, 'दात बगायला सोडत्यात का?' मामांनी वय पुस्तकात छापलेलं असतं असं सांगितलं. तात्यांचा छापील वयावर विश्वास नाही. जॉकीच्या हातातला चाबूक बघून त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी दुसरीकडे बघितलं. 'आमी हातात काठी धरली तर गुन्हा. ह्ये बरंय.' मामा काहीतरी नियम, मर्यादा, गादीचा चाबूक असं सांगायला लागले. तात्या म्हणाले, बैलालाबी गादीच देऊ की मग.

शर्यत १४०० मीटरची होती. मामांनी लाल गोल काढलेला एक घोडा त्यात होता, वर्णन सांगायची गरज नाही, मागून येणारा. गेट उघडलं आणि एक काळी घोडी जी सुटली ती चार लेंथ पुढे. बाकीचे एका घोळक्यात तिच्यामागे. तात्यांनी माझा हात धरला. 'ह्यांच्यातबी घोडी हाय की पुढं!' मी त्यांना सांगायचा प्रयत्न केला की ही शर्यतीतलीच आहे, तिलाही जिंकायचं आहे. त्यांनी ऐकलं नाही. वळण संपेपर्यंत ती पुढे होती, मग सहाशेच्या खांबाशी घोळका जवळ आला, चारशेशी तिच्या अंगावर आला, आणि नंतर ती नुसती मागे-मागे जात राहिली. मामांचा घोडा बाहेरून आला, स्टँड उभं राहिलं, मामा रेलिंगवर चढायला निघाले. दुसरा आला, हेडने. फोटो लागला तरी दुसराच. 'अजून पन्नास मीटर असते तर!' असं मामांच्या तोंडून निघून गेलं आणि त्यांनी लगेच इकडेतिकडे पाहिलं.

चहाच्या टेबलावर मामा काडी काढून बसले. तात्यांनी विचारलं, हरलेल्या घोड्यांचं पुढं काय करत्यात? मामांनी पूनावालांची गोष्ट सांगितली. हडपसरच्या त्यांच्या स्टडमधले निवृत्त घोडे मुंबईला हाफकिन संस्थेला दिले जात, त्यांच्या रक्तातल्या सीरमपासून औषध तयार होई. ते सीरम आपणच का काढू नये, या विचारातून १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट निघाली. तात्या बराच वेळ बशीतला चहा फुंकत राहिले. 'म्हंजी जिकलेल्यापेक्षा हारलेल्यानं जास्त कमावलं,' असं म्हणून त्यांनी बशी खाली ठेवली आणि खिशातला मोबाइल बाहेर काढला.

'पाव्हणं, ती काळी घोडी. ती विकत्यात का?'

'कुठली? ती पुढे पळालेली? अहो तात्या, ती शेवटून दुसरी आली!'

'आली असंल. किंमत काय म्हणत्यात?'

मामांना राहवेना. त्यांनी रेसचं पुस्तक उघडलं, तिची आधीची खाती काढली, बोट खाली नेत नेत दाखवलं. 'हे बघा. शेवटचे सहाशे, ३९. त्याच्या आधी, ३९.५. हिच्या पोटात दमच नाही. आणि हे बघा, गेल्या महिन्यातले शेवटचे सहाशे—'

'शेवटचं ऱ्हाऊ द्या हो,' तात्या म्हणाले. 'आपला घाट कवडा? पयलं दोनशे सांगा.'

मामांनी पान उलटलं, पुन्हा मागे आणलं, चष्मा पुसला. पहिले दोनशे कुठेच छापलेले नव्हते.